सिकलसेलचा रिपोर्ट, घरची माणसं आणि गावची सिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरचा ग्रामीण भाग, यवतमाळातले कोलामपोड, मेळघाटातली कोरकू गावं. या पट्ट्यात आनुवंशिक आजार म्हटलं की पहिलं नाव सिकलसेलचं. मी पूर्व विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. ओपीडीत, शिबिरात, आश्रमशाळेत आणि बरेचदा एसटी स्टँडवरही लोक जे विचारतात ते इथं एकत्र केलं आहे. काही प्रश्न लोकांच्या तोंडी जसे येतात तसेच ठेवले आहेत.

सिकलसेल म्हणजे नेमकं काय? रक्त कमी असणं म्हणजेच सिकलसेल का?

नाही. रक्त कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत, सिकलसेल त्यातलं एक. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची माहिती आपल्या अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. त्यात एका जागी बदल झालेला असतो, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एवढ्याशा बदलानं वेगळंच हिमोग्लोबिन तयार होतं. शरीरात ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं की ते आतल्या आत काड्यांसारखं जुळतं आणि गोल, मऊ लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं दुखतात. साधी लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते. ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात. कावीळ झाली म्हणून माळ घालून आणलेली कितीतरी लेकरं तपासल्यावर सिकलसेलची निघतात.

हा आजार आपल्याकडे नवीन आलेला नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच लॅन्सेटमध्ये छापून आला होता.

एएस पॅटर्न आणि एसएस पॅटर्न यात फरक काय?

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच प्रत बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहकाला औषध लागत नाही. तो धानाची रोवणी करू शकतो, पोलीस भरतीत धावू शकतो, फक्त उन्हात फार कष्ट करताना पाणी भरपूर प्यावं. एएस आयुष्यात कधी एसएस होत नाही. हे मी एकाच घरात पुन्हा पुन्हा सांगते, कारण दर तापाला तिथं हीच शंका निघते.

जंगलपट्ट्यातच हे जास्त का, असंही लोक विचारतात. वाहकाला फाल्सिपेरम मलेरिया जीवघेणा होण्याची शक्यता कमी असते. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं वाहक जास्त जगले आणि हा जनुक टिकून राहिला. गोंड, माडिया, परधान, कोलाम, कोरकू यांच्यात तो आहेच, पण बौद्ध, तेली, कुणबी आणि इतर समाजांतही आहे. ‘हा आदिवासींचा आजार’ म्हणून तपासणी टाळू नका.

‘सुनेच्या माहेरून आला हा रोग’ असं सासू म्हणते. खरं आहे का?

खोटं आहे. मूल एसएस असेल तर एक प्रत बापाकडून आलेलीच असते. हे सांगताना मी सासूला बाजूला काढत नाही, उलट सगळ्यांत पुढे बसवते. कागदावर तिचं, तिच्या नवऱ्याचं, मुलाचं आणि सुनेचं चिन्ह काढते, बाईला गोल आणि पुरुषाला चौकोन. मग विचारते, तुमच्या सासरी कुणाचे सांधे दुखायचे, कुणी लहानपणी गेलं का, कुणाला वारंवार रक्त द्यावं लागायचं का. तीन पिढ्यांचा कागद भरत आला की आजीलाच आठवतं, ‘आमचा मोठा दीर असाच ओरडायचा रात्री.’ त्यानंतर बोलणं सोपं होतं.

नवरा-बायको दोघंही एएस. चारपैकी एकच मूल आजारी होईल, मग पहिलं एसएस झालं तर पुढची तीन चांगली?

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणाची वेगळी असते, दर वेळी चिठ्ठ्या नव्यानं टाकल्यासारखी. प्रत्येक बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि साधं असण्याची २५ टक्के. पहिलं एसएस असो की चौथं, हा हिशेब बदलत नाही. एक जण एसएस आणि दुसरा एएस असेल तर ५० टक्के मुलं एसएस होऊ शकतात. एक एसएस आणि दुसरा अगदी साधा असेल तर सगळी मुलं एएस, एकही एसएस नाही.

डॉक्टर असताना यात सिस्टरचं काम काय?

डॉक्टर निदान करतात, औषध लिहून देतात. पण आमच्या केंद्रावर ओपीडीच्या दिवशी डॉक्टरांसमोर रांग लागलेली असते आणि एका रिपोर्टवर अर्धा तास बोलणं त्यांना शक्य नसतं. तो अर्धा तास सिस्टरचा. तपासणीआधी, कशासाठी रक्त घेतो आणि काय निघू शकतं, हे तीच सांगते आणि होकार घेते. रिपोर्ट आल्यावर तो कोणाला, कुठं आणि कोणत्या शब्दांत सांगायचा हेही तीच ठरवते. भावंडांची तपासणी राहिली आहे का, मुलगी वयात आली का, सून गरोदर राहिली का, गोळ्या संपल्या का, ही सगळी आठवण उपकेंद्राच्या रजिस्टरात आणि एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरच्या, डोक्यात असते. मुलाच्या लसीकरणाला आलेली आई चार वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणालाही तिच्याकडेच येते. मोठ्या दवाखान्यातला तज्ज्ञ एका रुग्णाला पाहतो, सिस्टरपुढे अख्खं घर असतं.

आता यातलं अवघड. रिपोर्ट एका माणसाचा असला तरी त्यातली माहिती घरातल्या सगळ्यांची असते. मुलगा एसएस निघाला की आईबाप दोघंही किमान वाहक असणार हे न तपासता कळतं, आणि काका, मावशी, चुलतभाऊ यांनाही धोका असू शकतो. त्यांना सांगायला हवं, पण सांगण्याचा हक्क त्या मुलाच्या आईबापाचा. आम्ही मागं लागतो, समजावतो, ‘मी येऊ का तुमच्यासोबत बोलायला?’ असं विचारतो. पण आपणहून जाऊन सांगत नाही. कधीकधी हे फार जड जातं, विशेषतः चुलत बहिणीचं लग्न ठरलेलं माहीत असताना.

बी.एस्सी. नर्सिंगला जेनेटिक्स शिकवतात, पण पेडिग्री, म्हणजे पिढ्यांचा तो कागद, काढता येणं वेगळं आणि रडणाऱ्या बाईसमोर गप्प बसता येणं वेगळं. दुसरं कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवलेलं मला दिसलं नाही.

आमच्या गावची आशाताई माझी जाऊच आहे. माझा रिपोर्ट घरभर होईल ना?

ही भीती खरी आहे. पाड्यावर सगळे एकमेकांचे सोयरे असतात आणि गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारं माणूस हवं म्हणून आम्ही आशाताईलाच मध्ये घेतो. रिपोर्ट सांगताना दुभाषा नात्यातला असणं मला पटत नाही. तुम्ही सरळ म्हणा, ‘मला तिच्यासमोर नको.’ त्याचा कुणाला राग यायचं कारण नाही. दुसऱ्या गावची आशाताई बोलावता येते किंवा केंद्रावर येऊन एकटीनं बोलता येतं. शिबिरात माइकवरून नावं पुकारत ‘एएसवाले इकडे, एसएसवाले तिकडे’ अशी रांग लावणं चूक आहे. तसं दिसलं तर जागीच हरकत घ्या. आश्रमशाळेत तर हे फारच जपायला हवं, तिथं एकदा पडलेलं नाव दहावीपर्यंत सुटत नाही.

तपासणी कशी होते? बोटाला टोचून लगेच कळतं का?

पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि ते गढूळ झालं तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे असं समजतं. पण एएस की एसएस हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून पाहणारी प्रयोगशाळेतली चाचणी. आता जागेवरच पॅटर्न दाखवणाऱ्या पट्ट्याही आल्या आहेत, तरी पक्कं निदान एचपीएलसीवरच करावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे सोल्युबिलिटी फसवू शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये दात्याचं रक्तही मिसळतं. असं काही असेल तर नमुना देण्याआधीच सिस्टरला सांगा.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. नुसत्या तपासण्यांचा आकडा गाठून काही होत नाही. रिपोर्ट हातात पडलेला आणि तो समजलेला माणूस किती, हे मोजायला हवं असं मला वाटतं.

बापाचा रिपोर्ट नॉर्मल, आई एएस, मग मूल एसएस कसं?

हा प्रश्न कधी मोठ्यानं विचारला जात नाही. नवरा रिपोर्ट हातात घेऊन गप्प बसतो आणि घरी गेल्यावर बाईचे हाल सुरू होतात. म्हणून असा रिपोर्ट आला की मी तो त्या दिवशी देतच नाही, आधी डॉक्टरांशी बोलते.

यामागे साधी कारणं असू शकतात. बापाची फक्त सोल्युबिलिटी झालेली असते आणि त्याला थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा) वाहकपणा असतो, जो या चाचणीत दिसतच नाही. सिकलची एक प्रत आईकडून आणि बीटा थॅलेसेमियाची बापाकडून आली की मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो. तो रिपोर्टवर हुबेहूब एसएससारखा दिसू शकतो, त्रासही तसाच देतो. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू वाढलेलं दिसलं की बापाचा वाहकपणा सापडतो. शिबिराच्या गर्दीत नळीवरचं नाव बदलणंही घडतं. म्हणून आधी तिघांचे नमुने पुन्हा, तेही एचपीएलसीसाठी. बाईच्या चारित्र्यावर बोलण्याआधी प्रयोगशाळेवर शंका घ्या, असं मी नवऱ्यांना तोंडावर सांगते.

सोयरिक ठरवताना रिपोर्ट मागावा का?

तपासणी लग्नाआधी झालेली बरी, शक्य तर कॉलेजात असतानाच. एएस मुलानं एएस मुलीशी लग्न करायचं की नाही हे मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. मी हिशेब सांगते, गरोदरपणातल्या तपासणीची माहिती देते आणि एसएस मूल सांभाळायला काय लागतं ते दाखवते. ठरवायचं त्या दोघांनी. एएस आणि साधा यांच्या लग्नात एसएस मूल होण्याची भीती नसते, फक्त साध्या जोडीदाराला थॅलेसेमियाचा वाहकपणा नाही ना हे पाहून घ्यावं.

‘पत्रिकेआधी रक्त जुळवा’ अशा घोषणा भिंतींवर दिसतात. माझं त्यांच्याबद्दल फार बरं मत नाही. घोषणा वाचून मुलाकडचे मुलीचा रिपोर्ट मागायला लागले, स्वतःच्या पोराचा मात्र दाखवत नाहीत. मागायचा तर दोन्हीकडचा. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत तर दोघांनीही तपासावं, कारण एकाच आजोबांकडून आलेली प्रत दोघांकडेही असू शकते.

आम्ही दोघंही एएस, आता तिला दिवस गेलेत. काय करावं?

पाळी चुकली की लगेच या, बारा आठवडे थांबू नका. गर्भाचा आजार दोन प्रकारे तपासता येतो. साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा कण घेऊन किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन. ही सोय बहुतेकांना नागपूरसारख्या शहरातच मिळते. गर्भपाताचा थोडा धोका दोन्हींत असतो आणि तो आधी समजून घेणं हा तुमचा हक्क आहे. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रातच होते, बाईची लेखी संमती तिला कळणाऱ्या भाषेत घेतात, आणि मुलगा की मुलगी हे कुणीही सांगत नाही. ते विचारूही नका.

एसएस निघालं तर पुढे काय, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. गर्भपाताच्या कायद्यात मुदती आहेत, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, त्यापुढे अटी वाढतात. पण ‘एसएस असलं तरी आम्हाला मूल हवं’ म्हणणारी जोडपीही असतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, बाळाच्या पहिल्या वर्षाची तयारी सुरू करतो.

लेकरू एसएस हाये. घरी काय काय पाहायचं?

पहिली खूण बरेचदा सहा महिन्यांनंतर दिसते: हातापायाचे पंजे सुजतात आणि बाळ किरकिर करतं. लसी एकही चुकवायची नाही, न्यूमोकॉकलची तर मुळीच नाही. पेनिसिलीन डॉक्टरांनी लिहिलं असेल तर पाच वर्षांचं होईपर्यंत रोज, मूल धडधाकट दिसत असलं तरी. सिस्टरकडून पानथरी (प्लीहा) चाचपायला शिकून घ्या, डाव्या बरगडीच्या खाली. ती अचानक मोठी लागली आणि लेकरू पांढरंफटक पडलं तर घरी थांबायचं नाही.

पाणी भरपूर द्या. या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे ती सारखी लघवीला जातात, अंथरुणही ओलं करतात. शाळेतल्या गुरुजींना सांगून ठेवा की त्याला वर्गाबाहेर जाऊ द्यावं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. मे महिन्यात तेंदूपत्त्याला नेऊ नका. रोवणीच्या चिखलात, थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहणं आणि पौषातल्या थंडीत नदीवर अंघोळ, या दोन्हींमुळे दुखणं उठतं.

लगेच १०८ बोलवायची वेळ: ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक पांढरं पडणं, मुलग्याचं लिंग दुखत ताठ राहून तासन्‌तास न उतरणं. शेवटचं सांगायला पोरं लाजतात, म्हणून बापानं आधीच विचारून ठेवावं.

दुखतं दुखतं म्हणतो, पण अंगावर काहीच दिसत नाही. नाटक तर नाही?

नाही. हाडाला रक्त न पोचण्याचं दुखणं बाहेरून दिसत नसतं. रुग्ण म्हणेल तेवढं दुखतं, असं धरूनच आम्ही चालतो. पॅरासिटामॉल, पाणी आणि उबेचा शेक घरी द्या, बर्फ लावू नका. दवाखान्यात तीव्र औषध मागितलं की ‘व्यसन लागलंय’ म्हणणारे लोक कर्मचाऱ्यांतही असतात, आणि ते मला चीड आणतं.

हायड्रॉक्सियुरिया म्हणजे कॅन्सरची गोळी ना? ती लेकराला का?

ती काही कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं. सिकलसेलमध्ये ती गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात, दुखणं कमी वेळा उठतं आणि रक्त कमी वेळा चढवावं लागतं. परिणाम दिसायला काही महिने लागतात. लोक दुसऱ्याच महिन्यात सोडतात आणि ‘फरक नाही’ म्हणतात. सुरुवातीला काही आठवड्यांनी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी हवीच. मूल हवं असेल तर बाईनं आणि पुरुषानंही आधी डॉक्टरांशी बोलावं. पुजाऱ्याकडे जायचं असेल तर जा, मी अडवत नाही. गोळी तेवढी बंद करू नका.

शाळेत लोहाच्या गोळ्या वाटतात. एसएस मुलाला द्यायच्या का?

डॉक्टरांनी रक्तातलं लोह तपासून सांगितल्याशिवाय नाही, रक्त चढवलेल्या मुलात तर शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. फॉलिक ॲसिड चालतं. एएस मुलाला मात्र इतरांसारखीच लोहाची गोळी द्या.

सरकारी सवलती काय आहेत?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल धरला आहे. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळतं आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. वाहकाला ते मिळत नाही. सरकारी रक्तपेढीतून रुग्णाला रक्त मोफत मिळतं. एसटी प्रवासाची सवलत आणि परीक्षेतला जादा वेळ यांची कागदपत्रं आमच्याकडे विचारा. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्यभर धडपड केली, २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आज आपण ज्या कागदांवर सह्या घेतो त्यामागे अशा पालकांचा रेटा आहे.

मोबाइलवर आलं की जीन बदलून सिकलसेल बरा होतो. नागपूरला मिळेल का?

बातमी खोटी नाही. जनुक दुरुस्तीचा पहिला उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मंजूर केला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यात बदल करतात, कडक केमोथेरपी देतात आणि मग त्या परत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्याकडे दिल्लीची आयजीआयबी ही जनुकांवर संशोधन करणारी सरकारी संस्था स्वस्त उपचारावर काम करते आहे, पण तुमच्या तालुक्याला तो अजून मिळत नाही. जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो घेऊन होणारं प्रत्यारोपण मात्र आज होतं, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ‘एका इंजेक्शनात बरा’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सिकलसेल सोडून आणखी कशासाठी सिस्टरला विचारावं?

घरात कुणाला साध्या जखमेतून रक्त थांबत नसेल (हा हिमोफिलिया असू शकतो, तो आईच्या बाजूनं येतो म्हणून मामा आणि भाचा दोघांत दिसतो), तरुण वयात स्तनाचा किंवा बीजकोषाचा कॅन्सर दोन-तीन बायकांना झाला असेल, मुलं वारंवार दगावली असतील, तर सांगा. मलेरियात प्रायमाक्विन सुरू केल्यावर लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच या. जी-सिक्स-पीडी हे लाल पेशीतलं एन्झाइम कमी असलेल्यांत तसं होतं, आणि तेही आनुवंशिक आहे. या सगळ्यांचं उत्तर सिस्टरकडे असेलच असं नाही. पण कुठं पाठवायचं, चिठ्ठीत काय लिहायचं आणि सोबत कोण येईल, एवढं ती नक्की पाहते.

तपासणीला उपाशीपोटी यावं लागतं का?

नाही. जेवून या, पाणी पिऊन या. आधीचा रिपोर्ट किंवा कार्ड असेल तर आणा, आणि शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख आठवून ठेवा. शक्य असेल तर जोडीदारालाही सोबत आणा.